फॉक्स स्ट्रीटवरची साक्ष

कामावरून काढलं गेलं, तर ते काढणं अन्यायाचं नव्हतं हे मालकाने सिद्ध करायचं, असा दक्षिण आफ्रिकेचा कायदा आहे. १९९५ च्या लेबर रिलेशन्स ॲक्टचं १९२ वं कलम. ऐकायला फार छान वाटतं, आणि आहेही छान. पण त्या कलमाच्या पहिल्याच ओळीत एक अट आहे: आपल्याला काढलं, एवढं मात्र कामगाराने दाखवून द्यायचं. कारखान्यातल्या माणसाला हे जड नाही. त्याच्याकडे पत्र असतं, हजेरी असते, चार सहकारी असतात. घरकाम करणाऱ्या बाईकडे यातलं काही नसतं. चार भिंतींच्या आत ती आणि मालकीण दोघीच. मालकीण म्हणाली, "मी कुठे काढलं? तीच यायची बंद झाली," तर पुढे काय?

हे 'पुढे काय' मी जोहान्सबर्गमध्ये जवळून पाहिलं, कारण त्या प्रकरणात मी साक्षीदार होते. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांच्या घरी कामाला कुणी ना कुणी येतं, पण ही सगळी प्रक्रिया कशी चालते हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना मी मावशी म्हणते. खरं नाव देत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या लिम्पोपो प्रांतातल्या थोहोयांडूकडच्या, व्हेंडा समाजाच्या. राहायला डीप्सलूट वस्तीत. तिथून टॅक्सीने, म्हणजे आपल्या वडापसारख्या मिनिबसने, फोरवेजला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये येतात. सोमवार ते गुरुवार एका घरी, शुक्रवारी माझ्याकडे. त्या दुसऱ्या घरी बरीच वर्षं काम चालू होतं. करारपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, रोख पैसे हातात.

त्यांचा भाऊ वारला. इथे अंत्यविधी साधारणपणे शनिवारी असतो, आणि घरच्या बायकांना दोन-तीन दिवस आधी पोहोचावं लागतं. मावशींनी बुधवारी त्या घरी सांगितलं, मला फोन केला आणि रात्रीच्या बसने गेल्या. आठवड्यात किमान चार दिवस आणि चार महिन्यांहून जास्त काळ एकाच ठिकाणी काम करणाऱ्याला इथे कौटुंबिक कारणासाठी वर्षाला तीन दिवसांची भरपगारी रजा असते, आणि सख्ख्या भावंडाचा मृत्यू हे त्यातलं एक कारण. म्हणजे ही मेहेरबानी नव्हती, हक्काची रजा होती.

सोमवारी सकाळी मी मुलाला शाळेत सोडायला निघाले, तर गेटवर मावशी बोट लावत होत्या. आमच्याकडे आत यायला बोटाचा ठसा लागतो. यंत्रावर लाल दिवा. पुन्हा बोट पुसून लावलं, पुन्हा लाल. माझ्या घराच्या नावावर त्यांची नोंद फक्त शुक्रवारची आहे, त्यामुळे माझ्या सांगण्याचा उपयोग नव्हता. गार्डने त्या घरी इंटरकॉम लावला, दोन शब्द ऐकले आणि मान हलवली. मावशींच्या खांद्याला पिशवी, पायात प्रवासातलेच बूट. शाळेची वेळ झाली होती, मी निघाले. पण तारीख आणि वेळ डोक्यात राहिली, आणि पुढे तेवढ्याचंच मोल झालं.

मावशी नंतरच्या शुक्रवारी आल्या तेव्हा म्हणाल्या, राग शांत झाला की बोलावतील. त्या वाट बघत राहिल्या. मला तोवर ठाऊक नव्हतं की कामावरून काढल्याची तक्रार तीस दिवसांच्या आत करावी लागते, आणि ते तीस दिवस शनिवार-रविवार धरून मोजतात. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. त्याची आई आयुष्यभर लोकांच्या घरी राबलेली, त्याने पहिला प्रश्न विचारला तो "कधी काढलं?" हा. महिना भरायला थोडेच दिवस उरले होते. उशीर झाला तरी दार बंद होत नाही, उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज करता येतो, पण मग त्या उशिराची कारणं पटवून देण्यातच शक्ती जाते.

तक्रार जाते सीसीएमएकडे, म्हणजे समेट, मध्यस्थी आणि लवाद यांसाठी नेमलेल्या आयोगाकडे. नोव्हेंबर १९९६ पासून तो चालू आहे. वर्णभेदाच्या काळातल्या कामगार कायद्याने घरकामगारांना बाहेर ठेवलं होतं; मंडेलांच्या सरकारने केलेल्या १९९५ च्या कायद्याने ते आत आले. मग १९९६ च्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमात लिहिलं गेलं की न्याय्य कामगार व्यवहाराचा हक्क प्रत्येकाला आहे. 'प्रत्येक नागरिकाला' असंही तिथे म्हटलेलं नाही. परदेशातून आलेल्या, कागदपत्रं अपुरी असलेल्या कामगारालाही हे संरक्षण मिळतं, असं लेबर कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं. झिंबाब्वे, मलावी, लेसोथोहून इथे कामाला आलेल्या बायका किती आहेत हे पाहिलं की त्या एका निकालाची किंमत कळते.

आयोगाकडे दाद मागायला एक सेंटही लागत नाही. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. अर्ज नमुना ७.११, काही पानांचा. आम्ही तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरला. वादाचं स्वरूप काय, त्याच्या खाली चौकटी. काढल्याची तारीख. कारण काय सांगितलं गेलं. तुम्हाला काय हवं: काम परत, की भरपाई? दुभाषा हवा का, हवा तर कोणत्या भाषेचा? मावशी इंग्रजी बोलतात, बऱ्यापैकी बोलतात. मी विचारलं, लागेल का? त्या म्हणाल्या, "पगाराचं बोलणं मला इंग्रजीत जमतं. भावाचं नाही जमणार." मी त्या रकान्यात 'चिव्हेंडा' लिहिलं. दुभाषाही आयोगच देतो, त्याचेही पैसे नाहीत.

सही त्यांनाच करावी लागते. आणि अर्ज आयोगाकडे देण्याआधी त्याची प्रत मालकाला पोहोचवून तिचा पुरावा जोडावा लागतो. इथे बऱ्याच जणी अडकतात, कारण ज्या घराच्या गेटच्या आतही घेत नाहीत, त्या घरात कागद द्यायचा कसा? आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवला, पावती जोडली, शिवाय ईमेल केला.

जोहान्सबर्गचं कार्यालय शहराच्या जुन्या भागात, फॉक्स स्ट्रीटवर आहे. आम्ही टॅक्सीनेच गेलो, आणि जिथे उतरलो तो रस्ता पूर्वीचा ब्री स्ट्रीट, आता लिलियन न्गोयी स्ट्रीट. तिथून दक्षिणेला चालत निघालं की आधी रहिमा मूसा स्ट्रीट लागतो, थोडं पुढे हेलन जोसेफ स्ट्रीट, आणि मग फॉक्स. ९ ऑगस्ट १९५६ रोजी वीस हजार बायका पासच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांना शहरात राहायला-कामाला लागणाऱ्या परवान्याच्या, कायद्याविरुद्ध प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंगवर गेल्या होत्या, त्यांच्या पुढे चालणाऱ्यांपैकी या तिघी. रहिमा मूसा भारतीय वंशाच्या. मावशींची आई पुढे पास घेऊन जोहान्सबर्गला कामाला होती. मालकाने त्या पासवर दर महिन्याला सही केली नाही, तर शहरात राहणंच गुन्हा. मावशी हे चालता चालता सांगत होत्या, पावती असलेली पिशवी छातीशी धरून.

खिडकीवरच्या मुलीने कागद पाहण्याआधी तारीख विचारली. मग पावती पाहिली, शिक्का मारला. काही दिवसांनी मावशींच्या फोनवर मेसेज आला. केस नंबर 'जीएजेबी'ने सुरू होणारा, म्हणजे गाउटेंग प्रांत, जोहान्सबर्ग. त्यांनी तो नंबर वहीत उतरवून घेतला आणि फोनचं कव्हर काढून आतही एका चिठ्ठीवर ठेवला.

पहिली पायरी समेटाची. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत समेटाचा प्रयत्न व्हायला हवा असा नियम आहे. मी बरोबर गेले, समेट घडवणाऱ्या आयोगाच्या कमिशनरांनी मला विचारलं, तुम्ही कोण? युनियनच्या पदाधिकारी? नाही. सदस्य? नाही. मग तुम्हाला आत बसता येणार नाही. मालकिणीबरोबर त्यांचे वकील आले होते. समेटाच्या खोलीत वकिलाला जागा नाही, त्यामुळे तेही बाहेर. आम्ही दोघं एकाच बाकावर. आधी मला मावशींची काळजी वाटत होती, एकट्या कशा बोलतील म्हणून. पण तो वकील फायली मांडीवर घेऊन बसलेला पाहिला आणि नियमाचा अर्थ पोहोचला. ज्याला वकील परवडतो त्याचं पारडं निदान इथे तरी आपोआप जड होत नाही.

आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. समेटातलं बोलणं गोपनीय असतं, नंतर पुरावा म्हणूनही वापरता येत नाही, त्यामुळे मी विचारलं नाही. बाहेर आल्या तेव्हा हातात प्रमाणपत्र होतं: वाद मिटलेला नाही. आता नव्वद दिवसांत लवादाची मागणी करायची, त्याचा नमुना ७.१३.

लवाद म्हणजे सुनावणीच. शपथ, साक्षी, उलटतपासणी, आणि शेवटी बंधनकारक निवाडा. तयारीसाठी मावशी त्यांच्या वस्तीजवळच्या एका सल्ला केंद्रात गेल्या, मीही गेले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट धरली: मालकीण म्हणणार की मी काढलंच नाही, तेव्हा गेटच्या यंत्राची नोंद मिळवा. आमच्या कॉम्प्लेक्सच्या व्यवस्थापनाने आधी नकार दिला, खासगी माहिती आहे म्हणाले. त्यावर आयोगाकडून समन्स काढण्याचा अर्ज केला, आणि तो मंजूर झाला. समन्स हातात पडल्यावर कुणी खासगी माहितीचं नाव काढलं नाही.

सुनावणीच्या दिवशी वकिलांनी परवानगी मागितली. वर्तनाच्या कारणावरून कामावरून काढल्याच्या प्रकरणात लवादातही वकील आपसूक चालत नाही; दोन्ही बाजू आणि कमिशनर राजी असले, किंवा प्रकरण फारच गुंतागुंतीचं असलं, तरच. कमिशनरांनी नाही म्हटलं. मग त्यांनी दोघींना समोर बसवून वाद नेमका कुठे आहे ते मांडून घेतलं. एरवी अशा सुनावणीत मालक आधी बोलतो, कारण काढणं योग्य होतं हे त्याने दाखवायचं असतं. इथे काढलं की नाही हाच वाद, म्हणून मावशींनी आधी बोलायचं ठरलं. हे मला नंतर कळलं, कारण साक्षीदाराला स्वतःची साक्ष होईपर्यंत बाहेर बसावं लागतं.

माझी पाळी आली. कमिशनरांनी विचारलं, काय पाहिलंत? मी गेट, बोट, लाल दिवा सांगितला. मग म्हणाले, पुढे? मी म्हटलं, "गार्डला त्या घरातून सांगण्यात आलं की..." त्यांनी हात वर करून थांबवलं. ते तुम्ही ऐकलंत का? नाही. मग जे ऐकलं नाही ते सांगू नका. बरोबरच होतं. आपण रोजच्या बोलण्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं किती सहज एकत्र करतो हे तिथे बसल्यावर जाणवतं. मालकिणीने मला विचारलं, तुम्हाला हिला पूर्ण आठवडा स्वतःकडे ठेवायचं आहे ना? मी सांगितलं, नाही, माझ्याकडे एका दिवसाचंच काम आहे. ही तुमची मैत्रीण आहे? मी म्हटलं, "ओळखीच्या आहेत, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण दिवा लाल होता." आणखी काही विचारलं नाही.

शेजारणीविरुद्ध साक्ष द्यायला मन धजत नव्हतं, हे खरं. एकाच आवारात राहायचं, मुलं एकाच शाळेत. घरातही चर्चा झाली. आपण परक्या देशात, व्हिसावर राहणारे लोक, कशाला पडायचं? पण मी नाही बोलले तर त्या सकाळी गेटवर काय झालं हे सांगणारं दुसरं कोण होतं? गार्डला त्याच आवारात नोकरी करायची होती.

साक्ष झाल्यावर मला आत बसता आलं. सिक्युरिटीचे व्यवस्थापक छापील नोंद घेऊन आले. त्या घराने दिलेल्या नंबरवरून मावशींचं नाव यंत्रातून काढायची विनंती शुक्रवारी आली होती. भावाचा अंत्यविधी शनिवारी. म्हणजे सोमवारी त्या येतात की नाही हे पाहायच्या आधीच नाव काढलेलं होतं.

मालकिणीचं म्हणणं, ती न सांगता गेली, मी वाट पाहिली, मग दुसरी बाई ठेवली. उलटतपासणीची पाळी मावशींची. सल्ला केंद्रातल्या बाईंनी प्रश्न लिहून दिले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. दुभाषाकडे पाहून चिव्हेंडात एकच प्रश्न विचारला. दुभाषांनी तो इंग्रजीत सांगितला: "बुधवारी मी भावाचं सांगितलं, तेव्हा तुम्ही मला फुलांसाठी दोनशे रँड दिलेत. आठवतं का?" मालकीण क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हो, दिले होते." त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर नाही म्हणता आलं असतं, कुणी पाहिलं नव्हतं. पण नाही म्हणाल्या नाहीत, ते मी त्यांच्या बाजूने इथे नोंदवून ठेवते. कमिशनर लिहीत होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती कुठे जाते आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

लवाद संपल्यावर चौदा दिवसांत निवाडा द्यायचा असतो. तो ईमेलने आला, मी मोठ्याने वाचून दाखवला. काढलं हे सिद्ध झालं. कारण न्याय्य नव्हतं. बाजू मांडायची संधी न दिल्याने पद्धतही न्याय्य नव्हती. कायद्यात पहिला उपाय काम परत देण्याचा आहे, पण मावशींना त्या घरी परत जायचं नव्हतं, आणि कामगाराला नको असेल तर ते लादत नाहीत. म्हणून भरपाई. कमाल मर्यादा बारा महिन्यांच्या पगाराची. त्यांना सहा महिन्यांची मिळाली. शिवाय चार आठवड्यांच्या नोटिशीचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे.

हिशेबात आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्यांना महिन्याला तीन हजार रँड मिळत होते. २०२४ मध्ये किमान वेतन तासाला २७.५८ रँड होतं. आठवड्याचे बत्तीस तास धरले तर महिन्याचे अडतीसशेच्या वर होतात. कमिशनरांनी भरपाई किमान दराने मोजली. २०१९ मध्ये राष्ट्रीय किमान वेतन लागू झालं तेव्हा बहुतेकांना तासाला वीस रँड आणि घरकामगारांना पंधरा. हा फरक १ मार्च २०२२ ला संपला. तोपर्यंत कायद्याच्याच लेखी घरातल्या कामाचा तास स्वस्त होता.

निवाडा हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही. मुदत उलटली. मग निवाडा प्रमाणित करून घ्यायचा, म्हणजे त्याला कोर्टाच्या हुकुमासारखं बळ येतं, आणि तो शेरिफकडे द्यायचा. शेरिफ म्हणजे आपल्याकडचा बेलिफ, सामान जप्त करू शकतो. जप्तीपर्यंत गेलं नाही. शेरिफचं पत्र गेल्यावर पैसे दोन हप्त्यांत जमा झाले.

आता बेकारी विम्याचं काम चालू आहे. महिन्याला चोवीस तासांहून जास्त काम करणाऱ्या घरकामगाराची यूआयएफमध्ये, म्हणजे बेकारी विमा निधीत, नोंद करणं मालकावर २००३ पासून बंधनकारक आहे: एक टक्का कामगाराचा, एक टक्का मालकाचा. माझ्याकडे आठवड्यातून एकच दिवस असला तरी आठ तासांचे चार शुक्रवार बत्तीस तास होतात, म्हणून माझी नोंद पहिल्यापासून आहे. त्या घराची नव्हती. कामगार खात्याकडे तक्रार दिली आहे.

कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाईही आता घरकामगारांना आहे, आणि ती मिळाली ती एका बाईच्या मृत्यूनंतर. मारिया महलांगू यांनी प्रिटोरियात एका घरी बावीस वर्षं काम केलं, दृष्टी अधू झालेली होती, आणि २०१२ मध्ये काम करताना त्या घरच्याच पोहण्याच्या तलावात बुडून गेल्या. भरपाईच्या कायद्यात घरकामगार बसत नाहीत, असं त्यांच्या मुलीला सांगण्यात आलं. मुलगी सिल्व्हिया आणि घरकामगारांची संघटना साडसावू लढत राहिल्या. १९ नोव्हेंबर २०२० ला घटना न्यायालयाने हे वगळणं घटनाबाह्य ठरवलं, आणि तेही २७ एप्रिल १९९४ पासून मागे जाऊन, म्हणजे पहिल्या लोकशाही निवडणुकीचं सर्वसाधारण मतदान सुरू झालं त्या दिवसापासून. ते न्यायालय जिथे उभं आहे तिथे पूर्वी तुरुंग होता. गांधीजी १९०८ मध्ये त्याच तुरुंगात होते.

मला सारखी पुण्याची आठवण येते. महाराष्ट्रात २००८ चा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्यात नोंदणी आहे, कल्याण निधी आहे. पण आईकडे काम करणाऱ्या बाईंना कुणी एका सकाळी 'उद्यापासून येऊ नका' म्हटलं, तर त्यांनी कुठली खिडकी गाठायची? घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १८९ वा करार २०११ चा आहे. दक्षिण आफ्रिकेने तो २०१३ मध्ये मान्य केला, भारताने केलेला नाही. इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. आठ लाखांच्या आसपास घरकामगार असलेल्या देशात कितीजणी त्या तीस दिवसांत पोहोचत असतील? पण खिडकी आहे, आणि तिथे पैसे मागत नाहीत.

मावशींना त्याच भागात दुसरीकडे तीन दिवसांचं काम मिळालं आहे. या वेळी त्यांनी पहिल्या दिवशीच करारपत्र मागितलं. मी ७.११ चा कोरा नमुना आणि सूचना मराठीत समजावून इथल्या आमच्या ग्रुपवर टाकल्या आहेत; तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईंसाठी किंवा शेजारच्या कुणासाठी लागल्या तर घ्या. आणि गेटवर असं काही दिसलं, तर तारीख आणि वेळ त्याच दिवशी लिहून ठेवा.